आमचा टेप थोडा पळायचा

आमच्या घरातला टेपरेकॉर्डर थोडा पळायचा. मोटर जरा जास्त स्पीडनं फिरायची म्हणून सगळ्या गवयांचे आवाज पाव-अर्धा सूर वर लागायचे, आणि हे घरात कुणाच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं, तुलनेला दुसरा टेप होता कुठे. भीमसेनअण्णा, कुमारजी, किशोरीताई सगळे ह्याच टेपवर ऐकत मी मोठा झालो, पट्टी झिजेपर्यंत ऐकले, आणि मग पुण्यात शिकायला आल्यावर पहिल्यांदा अण्णांना समोर बसून ऐकलं तर तो षड्ज, म्हणजे 'सा', माझ्या ओळखीचाच नव्हता. केवढा जड, केवढा खाली, केवढा रुंद! पहिली दहा मिनिटं मी नुसती त्या आवाजाची सवय करून घेत होतो, राग कुठला चाललाय तिकडे लक्षच नाही.

हे गाण्यातल्या लोकांना सांगितलं की आधी हसतात आणि मग हळूच आपापल्या टेपच्या गोष्टी काढतात. कुणाचा टेप रडायचा, कुणाचा बेल्ट सैल, कुणाच्या टेपची डावी बाजूच गेलेली म्हणून त्याला कित्येक वर्षं तबला ऐकूच आला नाही. आणि हे आपल्याकडचंच आहे असं नाही हां. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम, १९५९ चा, जॅझवाल्यांचं आराध्य दैवत. त्याच्या पहिल्या बाजूची तीन गाणी रेकॉर्ड करताना स्टुडिओतलं मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे रेकॉर्ड वाजवली की ती गाणी खऱ्यापेक्षा चढी लागायची. तीसेक वर्षं जगभरच्या लोकांनी ती तशीच ऐकली, कितीतरी वाजवणारे त्याच्याबरोबर वाजवत वाजवत शिकले, आणि बरोबर स्पीडची आवृत्ती आली ती नव्वदच्या दशकात. ती ऐकून कुणाकुणाला चुकल्यासारखं वाटलं असणार ह्याची मला खात्री आहे. ग्रामोफोनच्या जुन्या तव्यांचं तर विचारूच नका, सुरुवातीच्या काळात मिनिटाला ७८ फेरे हा स्पीडसुद्धा नीट पक्का नव्हता, तवा कुठल्या स्पीडला लावलाय त्यावर गवयाच्या सुराची पट्टी ठरायची.

म्हणून कुणी 'तुझे आवडते अल्बम सांग' म्हणलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुठला अल्बम? कंपनीनं काढलेला की आमच्या टेपवर वाजलेला?

माझं आजोळ मिरजेचं. त्यामुळे गाणं ऐकायला लागलो त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे, त्या गावात गाणं कानावर पडतंच. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्र रात्र गाणं चालतं, खाँसाहेबांची कबर तिथेच आहे, आणि मोठमोठे कलाकार तिथे हजेरी लावायला येतात, हजेरी हाच शब्द वापरतात. तिथे तिकीट नाही, खुर्ची नाही, सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचं, पुढे बसलेला बुवा कधीकधी दिवसभर शेतात राबून आलेला असतो आणि चुकीच्या जागी दाद दिलीत तर मागे वळून बघतो. मी लहानपणी तिथे जे काही ऐकलं त्यातलं निम्मं झोपेत ऐकलंय. मामाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं आणि एका गवयाचं संपून दुसऱ्याचे तानपुरे लागायला लागले की जाग यायची. गाण्यानं नाही, तानपुऱ्यांनी. अजूनही माझं तसंच आहे, हॉलमधे लोक शेजाऱ्याशी बोलत असतात, मोबाईल बघत असतात, आणि मी एकटा तानपुरे जुळवताना कान लावून बसलेला असतो. 

तानपुऱ्याचं वेड पण मिरजेचंच. सतारमेकरांच्या दुकानात बाहेर वाळत टाकलेले भोपळे, आत लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास, आणि एक म्हातारा कारागीर तासन्‌तास जवारी काढत बसलेला. जवारी म्हणजे काय तर घोडीचा वरचा भाग कानसेनं इतका बारीक घासायचा की तार त्याला टेकते न टेकते अशी राहिली पाहिजे, मग त्या तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा, इकडे जरा, तिकडे जरा, आणि एका जागी तो दोरा आला की बंद आवाज एकदम उघडतो आणि एका तारेतून चारचार सूर ऐकू यायला लागतात. हे मी अगदी जवळून, नाक तारेला लागेल इतक्या जवळून बघितलंय, ओरडाही खाल्लाय. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते वाचून मामाला फोन केला तर म्हणला, 'बरं झालं, पण भोपळा पिकवणाऱ्याला काय मिळालं?' मामा असाच आहे.

मामाकडे खाँसाहेबांचे तवे होते. 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी मी पहिल्यांदा ऐकली ती अशी खरखरीतून, आणि मला तेव्हा वाटायचं खाँसाहेब पावसात उभे राहून गातायत. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. मैफलीत तासभर मांडून बसणारा माणूस साडेतीन मिनिटांत काय करत असेल? तर तो घाई करत नाही! हे मला फार उशिरा कळलं. पहिल्याच स्वरात जे सांगायचंय ते सांगून टाकतो आणि मग उरलेली तीन मिनिटं निवांत हिंडतो. ह्याच्या आधीचे, अगदी पहिल्या पिढीचे तवे, म्हणजे १९०२ ला कलकत्त्यात गौहरजाननं गायलेले वगैरे, त्यात शेवटी ती इंग्लिशमधून स्वतःचं नाव सांगते, 'माय नेम इज गौहरजान'. लोकांना तो नखरा वाटतो पण त्यात व्यवहार होता, तवे छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथल्या माणसाला कुठल्या तव्यावर कुणाचं लेबल चिकटवायचं हे कळायला नको का. मला त्या घोषणेत ती बाई दिसते. तीन मिनिटांचं गाणं अचूक संपवून, दम न लागता, वर नाव सांगायला दोन सेकंद राखून ठेवलेली बाई.

मग आल्या कॅसेटी आणि मामाचं रेडिओवरून रेकॉर्डिंग. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असायचा, तो रेकॉर्ड करणं हा आजोळी एक सोहळा होता. घरात कुणी बोलायचं नाही, फोडणी द्यायची नाही, मिक्सर तर नाहीच. मामा नवीन कॅसेट आधी बोटानं फिरवून पुढे घ्यायचा कारण सुरुवातीचा जो पांढरट पारदर्शक तुकडा असतो त्याच्यावर काही उमटत नाही, तसंच दाबलं तर पहिली चार-पाच सेकंदं गेली. मग प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणं एकदम दाबायची, खटाक्‌, आणि घड्याळ बघत बसायचं. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. पण कार्यक्रमातला माणूस काही आमच्या कॅसेटच्या हिशोबानं गात नाही. एकदा जौनपुरी राग असा रंगात आलेला, विलंबितातून, म्हणजे संथ लयीतून, बोल-ताना सुरू झालेल्या, आणि कॅसेट संपायला आली. मामा समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत बसला, की समेवर पलटू म्हणजे कमी नुकसान. सम आली, मामानं झाकण उघडलं, आणि आत पट्टी अडकली. ती सोडवून, पलटून, पुढे घेऊन, पुन्हा खटाक्‌ करेपर्यंत गवई द्रुतात, म्हणजे जलद लयीत, पोचलेला.

तो खड्डा माझ्या डोक्यात कायमचा बसला. मी तो जौनपुरी गुणगुणतो तेव्हा अजून तिथे आल्यावर एक खटका ऐकू येतो आणि पुढे सरळ द्रुत चालू होतो. आता दोनेक वर्षांपूर्वी युट्यूबवर तेच रेकॉर्डिंग सलग मिळालं. (गवयाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर घराण्यांवरून भांडणं लागतील.) एवढी वर्षं माझी कल्पना अशी की त्या हरवलेल्या मिनिटांत जन्मात एकदाच येते अशी काहीतरी तान असणार. ऐकलं. तान वगैरे काही नव्हती, बुवांनी विलंबित हळूहळू आवरतं घेतलं होतं, बंदिशीचा मुखडा दोनदा नुसता साधा म्हणला होता आणि मधे तबलजीला हळू आवाजात काहीतरी सांगितलं होतं. पण त्यामुळे पुढचा द्रुत पहिल्यांदा कळला! इतकी वर्षं तो मला उतावळा वाटायचा, तो उतावळा नव्हताच, त्याच्या आधीची पायरी आमच्याकडे नव्हती. मामाला लिंक पाठवली. त्याचा मेसेज आला, 'पट्टी अडकली नसती तर बरोबर समेवर पलटली होती मी.'

एलपीकडे, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डकडे, मी जरा उशिरा वळलो आणि तिथे जाऊन अडकलो. एलपीची एक बाजू म्हणजे साधारण वीस-बावीस मिनिटं, ना तव्यासारखी झटपट ना मैफलीसारखी ऐसपैस, आणि माझं स्पष्ट मत आहे की हिंदुस्थानी संगीताला ही लांबी फार मानवली. ज्यांनी एलपीसाठी वेगळा विचार केला त्यांच्या एलपी अमर झाल्या, ज्यांनी तासाभराचा ख्याल नुसता दाबून बसवला त्या आज ऐकवत नाहीत. प्रभाताई अत्रेंची ती एका बाजूला मारुबिहाग राग आणि दुसऱ्या बाजूला कलावती असलेली एलपी घ्या. 'जागू मैं सारी रैना' आणि 'तन मन धन', ह्या दोन बंदिशी गेली पन्नास वर्षं गाणं शिकणाऱ्या प्रत्येक मुलीनं गायल्यात, त्या त्याच एलपीवरून. किंवा 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळचा अहिरभैरव ते रात्रीचा पहाडी. आमच्या ग्रुपमधले कडवे लोक ह्याला नाकं मुरडायचे, हे काय हॉटेलात लावायचं संगीत म्हणून. मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. तिघांनी मिळून आपापला मोठेपणा बाजूला ठेवून वाजवलेली फार थोडी रेकॉर्डिंग्ज आपल्याकडे आहेत, त्यातलं हे एक. आणि खरं सांगू का, शास्त्रीय न ऐकणाऱ्या किती घरांत शास्त्रीय शिरलं ते ह्याच दारातून.

किशोरीताईंची भूप-बागेश्रीची रेकॉर्ड. ह्याच्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल. त्यातलं भूपाचं 'सहेला रे' इतक्या वेळा ऐकलंय की त्यातला प्रत्येक श्वास पाठ आहे, आणि नेमका तोच घोळ झाला. ताईंच्या मैफलीला गेलो की आतून कुठेतरी तेच भूप हवं असायचं, आणि हे माझं एकट्याचं नाही, अख्खा हॉल त्याच आशेनं बसलेला असायचा. पण ताई तर तानपुरे मनासारखे लागेपर्यंत सुरूच करायच्या नाहीत, स्वरमंडळाच्या तारांशी दहादहा मिनिटं, आणि मग त्यांना त्या दिवशी जो राग दिसेल तो. एकदा त्यांनी भूपच घेतला. सगळे सरसावून बसले. आणि तो भूप रेकॉर्डमधला नव्हता. तेच पाच स्वर, पण गंधारावर यायची वाटच वेगळी, रेकॉर्डमधे ज्या जागेची आपण वाट बघत असायचो ती जागा आलीच नाही, दुसरीकडूनच काहीतरी उजेड आला. मध्यंतरात बाहेर दोन माणसं चक्क नाराज होती. मी बोललो नाही काही, पण त्या दिवसापासून आवडत्या रेकॉर्डमधला राग मैफलीत आला की मला जरा धाकधूकच होते.

होस्टेलचा रूममेट रॉकवाला होता. त्याच्याकडे डीप पर्पलच्या 'मेड इन जपान' ची कॅसेट, ऑगस्ट १९७२ मधे ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांत रेकॉर्ड केलेली, आणि माझ्याकडे मल्लिकार्जुन मन्सूरबुवांची. खोलीत टेप एकच. शेवटी वाटणी झाली, रात्री त्याचं, पहाटे माझं. मला आधी तो नुसता गोंगाट वाटायचा, पण त्या अल्बममधे एक गाणं आहे जे स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आणि स्टेजवर वीस मिनिटांचं झालंय, एलपीची पूर्ण एक बाजू त्याचीच, आणि एका रात्री अर्धवट झोपेत ते ऐकताना लक्षात आलं की अरे ही आपल्या रागासारखी हळूहळू फुलवत नेलेली बढत आहे! ऑर्गनवाला एक तुकडा टाकतोय, ड्रमवाला तो उचलून परत देतोय, मग मुद्दाम थांबतायत, लोक ओरडतायत. रूममेटला हे सांगितलं तर तो इतका खूश झाला की पहाटे उठून माझ्याबरोबर मन्सूरबुवा ऐकायला बसला. पाच मिनिटांत म्हणला, 'ह्यांना सुरुवात नाहीये का, एकदम गाण्यातच शिरले?' एवढं अचूक वर्णन मी समीक्षकांच्या लेखात पण वाचलेलं नाही. मन्सूरबुवा आलापीत रेंगाळायचेच नाहीत, दोन-चार स्वर लावले की बंदिश, आणि राग तरी कुठले, बाकीच्यांना नाव ऐकून वही उघडावी लागेल असले. तो रूममेट आता तिकडे परदेशात आहे, मन्सूरबुवांचं कलेक्शन त्याचं माझ्यापेक्षा मोठं आहे, ह्याचा मला थोडा राग पण आहे.

सवाईबद्दल न लिहिता हे पूर्ण होणार नाही. आपले गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनअण्णांनी १९५३ पासून चालवलेला महोत्सव, आमच्या वेळी रमणबागेच्या मैदानावर, डिसेंबरच्या थंडीत, आणि शेवटची रात्र उजाडेपर्यंत. ब्लँकेटं, मफलर, कुणाकुणाच्या उशा सुद्धा. लोक वडे आणि गर्दीच्या आठवणी काढतात, मला आठवतो तो तीनचा सुमार. रात्री तीनच्या सुमाराला ऐकणाऱ्यांची दोन भागांत विभागणी व्हायची. हौसे-नवसे सगळे एक तर गेलेले किंवा झोपलेले, आणि जे जागे उरले त्यांची आपापसात न बोलता ओळख झालेली. त्या वेळेला स्टेजवर येणाऱ्या माणसाला ते बरोबर समजायचं. त्या वेळी ऐकलेल्या मालकंसाला दाद म्हणून टाळ्या यायच्या नाहीत, एक बारीक 'हं' यायचा, शेकडो गळ्यांतून एकदम. आणि उजाडताना शेवटी अण्णा. पूर्ण रात्र काळजीवाहू यजमानासारखे आतबाहेर करून, कोण आलं कोण राहिलं बघून, मग स्वतः गायला बसायचे. रात्रभर जागलेली माणसं पहिल्या 'सा' ला पुन्हा ताठ बसायची.

आणि त्यानंतर, सगळं संपल्यावर, एक रेकॉर्ड लागायची. सवाई गंधर्वांची भैरवी, 'बिन देखे पडे नहीं चैन'. महोत्सवाची सांगता त्या रेकॉर्डनं करायची प्रथा आहे. तीन रात्री देशातले एकसे एक कलाकार समक्ष ऐकायचे आणि शेवट करायचा तो जुन्या तव्यावरच्या तीन मिनिटांनी, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तो माणूस १९५२ मधेच गेलेला. मी पहिल्या वर्षी ती लागली तेव्हा चपला शोधत होतो. बघतो तर आजूबाजूचे सगळे जागच्या जागी उभे. मीही उभा राहिलो, एक पाय चपलेत, एक बाहेर. लाइव्ह मोठं की रेकॉर्ड मोठी हा वाद घालणाऱ्यांनी एकदा तिथे तसं उभं राहावं, वाद घालायला जागाच उरत नाही.

मग दहाचा नियम आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे, उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि २००५ मधे सुप्रीम कोर्टानं ते आणखी घट्ट केले. नियमाला माझा विरोध नाही हो, डीजेच्या भिंती कुणी सहन करायच्या, शेजारी आजारी माणूस असला की कळतं. पण ह्यात खुल्या मैदानावरच्या रात्रीच्या मैफली गेल्या त्या गेल्याच, आता परवानगी काढून एखाद्या दिवशी बारापर्यंत चालतं, तेवढंच. दरबारी, अडाणा, ललत, हे सगळे रात्री-पहाटेचे राग बेघर झाले. म्हणजे बंद हॉलमधे होतात, सकाळच्या सत्रात तोडी-भैरव होतात, पण रात्री दोनला दरबारी समोर बसून ऐकणं हा अनुभवच आता तरुण पोरांना मिळत नाही, त्यांना तो हेडफोनमधेच मिळणार. 

उलट एक गोष्ट फायद्याची झाली, ती कुणी बोलत नाही. महोत्सव आता दुपारीच सुरू होतो, रमणबाग सुटून मुकुंदनगरला गेलाय, आणि त्यामुळे दुपारचे राग लोकांच्या कानावर पडायला लागलेत. पूर्वी भीमपलास, मुलतानी, मधुवंती म्हणजे रेडिओवर किंवा कॅसेटवर ऐकायचे राग होते, मैफली रात्रीच्या ना सगळ्या. आता पंचविशीतला एखादा नवा गायक चार वाजता ऊन तोंडावर घेत मुलतानी मांडतो आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात कारण मंडळी ऑफिस सुटल्यावर 'मोठ्या' कलाकाराला येणार. त्यांना सांगायला जातो मी, अरे लवकर या, ऐकत नाहीत. मी आपला अर्धी रजा टाकून तीनलाच जाऊन बसतो.

झाकीरभाईंचंही थोडं. मुंबईत षण्मुखानंदला ३ फेब्रुवारीला ते वडिलांच्या, अल्लारखाँसाहेबांच्या आठवणीत दिवसभराचा कार्यक्रम करायचे, अंधार असताना लोकल पकडून माणसं सकाळच्या सत्राला पोचायची. मी दोन-तीनदा गेलोय. त्यांचं सोलो वादन सगळ्यांनी ऐकलंय, मला आवडायची ती त्यांची साथ. दुसऱ्याच्या मागे बसून नुसता ठेका धरताना ते ज्या कौतुकानं समोरच्याकडे बघायचे ते कुठल्या रेकॉर्डमधे येणार? डिसेंबर २०२४ मधे ते गेल्याची बातमी आली त्या रात्री मी 'शक्ती' ह्या त्यांच्या बँडचा पहिला अल्बम लावला, १९७५ च्या एका कॉलेजातल्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे ते. चोविशीतला झाकीर, घटमवर विनायकराम, गिटारवर मॅक्‌लॉफलिन, आणि तो स्पीड. समोर बसलेली अमेरिकन पोरं आधी बावचळलेली वाटतात आणि मग ओरडायला लागतात. ती पोरं आता सत्तरीची असतील. त्यांच्याकडे पण खड्डे पडलेल्या आठवणी असणार.

राहता राहिले अमीर खाँसाहेब. त्यांना मी समक्ष ऐकणं शक्यच नव्हतं, १९७४ मधेच गेले, मी तेव्हा चड्डीत. पण एकच रेकॉर्ड ठेवता येईल असं कुणी म्हणलं तर मी डोळे मिटून त्यांची मारवा-दरबारीची एलपी उचलेन. मारव्यातलं 'पिया मोरे अनत देस', झुमरा तालात, इतकी संथ लय की एका मात्रेतून दुसऱ्या मात्रेत जाताना वाटेत काय काय दिसतं. मारवा हा राग मुळात अडचणीचा, पंचम नाही, रिषभ कोमल, आणि षड्जावर टेकायची मुभा जवळजवळ नाहीच, गाणारा घराच्या दारात येतो आणि आत न जाता परत फिरतो. खाँसाहेब हे बावीस मिनिटं करत राहतात आणि शेवटी जेव्हा 'सा' येतो तेव्हा मला खुर्चीवर टेकल्यासारखं वाटतं, आधीच खुर्चीत बसलेलो असलो तरी.

आता गंमत बघा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मारव्याची वेळ नेमकी तीच, आणि नव्या वेळापत्रकात त्या वेळेला रोज कुणी ना कुणी स्टेजवर असतंच. पण मारवा फार क्वचित कानावर येतो. पूरियाधनाश्री घेतात, पूरियाकल्याण घेतात, यमन तर हुकमी. एका तरुण गायकाला ग्रीनरूमबाहेर गाठून विचारलंच मी. तो म्हणाला, 'काका, चाळीस मिनिटं दिलीत, मारव्यानं लोकांना अस्वस्थ करून खाली उतरू का? पुढच्या वर्षी बोलावतील का मला?' त्याचं चूक नाही. पण एलपीवर वीसच मिनिटं होती की रे बाबा, आणि समोर माणूस पण नव्हता एक, हे मी त्याला म्हणलं. हसला. म्हणाला बघतो. आता ह्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव कुठल्या दिवशी आणि किती वाजता आहे एवढंच बघायचंय, पावणेसहाच्या आसपास असेल तर मी आणि मामा दोघंही जाणार आहोत.